लाकडी वाडग्यात बसवलेली पितळेची तार एप्रिल उजाडला की उचलते. उपाय?

खरादी_मोर्शी
नमस्कार मंडळी. इथे वाचतोय बरेच दिवस, लिहितोय आज.

आमचं घर खरादाचं. बाबा पलंगाचे खूर, पाळण्याच्या कांड्या, लाटणी, ताकाच्या रव्या, भवरे कातायचे. पोळ्याच्या आधी घरात पाय ठेवायला जागा नसायची, कारण तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं आमच्याकडूनच जायची. आता पलंग प्लायचे आणि रवी स्टीलची झाली. चाकं राहिली, तीही एका सणापुरती.

मी वाडग्यांकडे वळलो ते संत्र्याच्या लाकडामुळे. आमच्याकडे बागा डिंक्या रोगाने बसल्या की शेतकरी झाडं उपटून बांधावर टाकतो आणि वर्षभर ती चुलीत जातात. कापून पाहिलं तर फिकट पिवळं, घट्ट, बारीक पोताचं लाकूड. असं लाकूड जाळायचं म्हणजे जिवावर येतं. सागाचे तुकडे आरागिरणीवर मिळतात, त्याचेही वाडगे करतो.

पण साधा वाडगा दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं, "लाकडाचाच तर आहे." म्हणून काठाखाली पितळेची तार बसवायला लागलो. खरादावरच गोल खाच पाडायची, तार ठोकून बसवायची, अ‍ॅराल्डाइट लावायचं, वाळलं की घासून लाकडाच्या पातळीत आणायची. दिवाळीत वाडगा असा दिसतो की हातातून ठेववत नाही. एप्रिल-मेमध्ये तीच तार वर येते, बोट फिरवलं की टोचते.

प्रश्न दोन. तार टिकवायची कशी? आणि मुळात हे भरणकाम करावं का, की साधाच वाडगा नीट करून थांबावं? घरात यावर दोन पक्ष आहेत. बाबा दुसऱ्या पक्षात, आणि आई बाबांच्या पक्षात.

सावजी_रस्सा
फोटो टाका राजेहो. नुसत्या वर्णनावर कसं चालंन?

खरादी_मोर्शी
टाकतो संध्याकाळी. लाइन गेली आहे, मोबाइल शेवटच्या घटका मोजतोय.

अनघा_कोथरूड
विषय सोडून विचारते, सरळ लाटणं मिळेल का हो तुमच्याकडे? इथे दुकानात मिळतात ती पोळपाटावर ठेवली की एका बाजूने उजेड दिसतो.

खरादी_मोर्शी
मिळेल ताई. बाभळीचं देतो, जड असतं पण वाकत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, बाबाचं आयका. पितळ पायजे कायले? आमच्या घरी आजीची काठवट हाय. कोनं बनवली माईत नाई. भाकरी थापून थापून मधात पातळ झाली, पन फुटली नाई. तिले कोनी तार लावली नवती.

यंत्रवेडा
खरादी, आधी एक सांगा. तार सगळीकडून उचलते की ठरावीक दोनच जागी, एकमेकांच्या समोरासमोर? आणि त्या जागी काठावर लाकडाच्या लांब रेषा दिसतात की रेषांची टोकं?

खरादी_मोर्शी
आत्ता चार-पाच वाडगे उचलून पाहिले. दोनच जागा, अगदी समोरासमोर. लांब रेषा आहेत तिथेच. टोकं आहेत तिथे तार घट्ट. हे मी आजवर असं जुळवून पाहिलं नव्हतं.

यंत्रवेडा
मग दोष तुमच्या हाताचा नाही, अ‍ॅराल्डाइटचाही नाही.

लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं, आणि तेही सारखं नाही: वाढवलयांच्या कडेकडेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने. साग हे शांत लाकूड, तरी ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या कडेने साधारण ५ टक्के आणि त्रिज्येत अडीच-तीन टक्के आकसतं. म्हणजे खरादावरून उतरलेला वाडगा तेवढ्या क्षणापुरता गोल असतो. पुढे जन्मभर तो श्वास घेतो. पावसाळ्यात रेषेच्या आडव्या दिशेने फुगतो, उन्हाळ्यात त्याच दिशेने आत येतो.

आता हिशेब करा. २५० मि.मी. व्यासाचा वाडगा. आपल्याकडच्या ऑगस्टमधून मेमध्ये जाताना रेषेच्या आडव्या दिशेने त्याचा व्यास २ मि.मी.च्या आसपास सहज कमी होतो, तेल-पॉलिश असलं तरी. पितळेची त्याच व्यासाची कडी तापमानात ३५ अंशांचा फरक पडला तर बदलणार जेमतेम ०.१७ मि.मी., आणि तीही उलट्या दिशेने, कारण उन्हाळ्यात पितळ वाढतं. लाकूड लंबगोल होऊ पाहतं, कडी गोलच राहते. जिथे खाच आत सरकली तिथे कडीला जागा उरत नाही, ती वर येते. रेषांची टोकं आहेत तिथे व्यास बदललेलाच नाही, म्हणून तिथे घट्ट.

वाडग्याभोवती धातूची अखंड कडी बसवली की हे होणारच. पुण्या-मुंबईत कमी होईल. तुमच्याकडे हवा पावसाळ्यात ओलीचिंब आणि मेमध्ये कोरडी ठणठणीत, म्हणून जास्त होतं.

चांदा_जुना
आमच्याकडे ब्रह्मपुरीला पारा ४७ पर्यंत जातो. तिथे माणूस पण लंबगोल होतो.

सावजी_रस्सा
😂 लंबगोल कायचा, सरळ आडवा.

कातकाम_हौशी
नागपूरहून. नोकरी सांभाळून खरादकाम करतो. यंत्रवेडा यांनी लिहिलंय ते बरोबर, पण मला वाटतं गाडी त्याच्याही आधी अडते आहे. खरादीभाऊ, लाकूड किती वाळलेलं असतं? ओल्या ओंडक्यातून एका दमात वाडगा पूर्ण करून लगेच तार बसवत असाल तर काहीही केलं तरी ते उकलणार.

माझी पद्धत: ओला ओंडका आला की त्याच दिवशी मधला गाभा सोडून दोन भाग करायचे आणि टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासायचा. मग वाडगा ओबडधोबड, जाड कातायचा. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची, १० इंचाला १ इंच. तो कागदी पिशवीत, त्याच्याच भुशात गाडून सावलीत ठेवायचा. दर आठवड्याला किराणा काट्यावर वजन करून खडूने तळाला लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. तोवर तो लंबगोल झालेला असतो. मग परत खरादावर चढवून गोल करायचा, आणि भरणकाम करायचं तर त्यानंतर.

मे महिन्यात ओलं संत्र्याचं लाकूड उघड्यावर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत चिरा. कातण्याचं काम पावसाळ्यात करा, नाहीतर दिवाळीनंतर.

आणि एक विचारायचं होतं, तुम्ही वाडगा पकडता कशावर?

खरादी_मोर्शी
बाबांच्या पद्धतीने. टाकाऊ लाकडाची चकती खरादावर पक्की करायची, तिच्यावर मधे कागद घालून वाडग्याचा ठोकळा चिकटवायचा. पूर्वी सरस होता, आता फेविकॉल. काम झालं की फटीत पटाशी लावून टिचकी मारायची, कागद मधून फाटतो, वाडगा सुटा. चक (जबड्यांनी लाकूड धरणारी पकड) नाही माझ्याकडे. आजोबांच्या वेळी तर मोटारही नव्हती, एक जण दोरी ओढायचा आणि दुसरा पटाशी धरायचा.

वाळवण्याचं म्हणाल तर सागाचे तुकडे जुने असतात. संत्रा मात्र बांधावर किती दिवस पडलेला असतो ते शेतकऱ्यालाच माहीत. वजन करून पाहायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. कापसाचा काटा शेजारीच आहे!

कातकाम_हौशी
कापसाच्या काट्यावर वाडग्याचं वजन म्हणजे शून्यच दिसेल. 😄 स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या.

कागदाची पद्धत उत्तम आहे, ती सोडू नका. पण ती कोरड्या लाकडाला. ओल्या ठोकळ्याला फेविकॉल धरत नाही, तिथे स्क्रूने फेसप्लेट, म्हणजे खरादाची लोखंडी चकती लावा आणि स्क्रू वाडग्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे पुढे कोरून निघून जाणाऱ्या भागात येऊ द्या. चक घेतला तर लाकूडकामाचाच घ्या, कबुतराच्या शेपटीसारखे तिरपे जबडे असलेला. लोखंडाच्या लेथचा चक लाकूड चेपतो.

वेगाचंही सांगतो. वाडग्याचा इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६,००० ते ९,००० मध्ये ठेवायचा. १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. मोटार १,४४० ची असेल आणि पुली सारख्या असतील तर तुम्ही फार वेगात आहात.

खरादी_मोर्शी
पुली बदलावी लागेल. लाटण्याला तो वेग बरा पडतो, त्यावरच चाललं होतं.

परतवाडेकर
लाटणं कातणारा आणि वाडगा कातणारा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे इथे कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्या परतवाड्यात आरागिरण्या गल्लोगल्ली, खरादीही पूर्वी बरेच. खूर, कांडी, लाटणं यात लाकडाची रेषा खरादाच्या अक्षाला समांतर. पटाशी रेषेवरून घसरत जाते. वाडग्यात रेषा आडवी. एका फेऱ्यात दोनदा गोडीगुलाबीने कापलं जातं आणि दोनदा टोकं समोर येतात. हात तयार असलेला माणूसही तिथे अडखळतो. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे आणि आतून कोरताना काठाकडून तळाकडे जायचं, म्हणजे रेषा खालून आधाराला असते.

आणि खुरांचं लाकूड गोल करायची ती रुंद गोल पटाशी वाडग्याला लावू नये. तिचं मुठीत जाणारं शेपूट बारीक असतं. टोकाच्या रेषेत अडकली तर मुठीपाशी मोडून अंगावर येते.

कातकाम_हौशी
+१००. हे ठळक अक्षरात हवं होतं.
अवजारं कसली आहेत, खरादीभाऊ? जुन्या कानशीची?

खरादी_मोर्शी
लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवून दिलेली. धार लवकर उतरते पण चिवट आहेत. एकदोन कानशीच्याही आहेत बाबांच्या.

यंत्रवेडा
कमानपाट्याच्या वापरा, कानशीच्या भिंतीवर लावा. कानशीचं पोलाद कडक तितकंच ठिसूळ. अडकलं की वाकत नाही, तुकडा उडतो.

वऱ्हाडी_ठेचा
मंजे बाबाच्या पटाशीवर पन यायनं हात टाकला आता. खरादीभाऊ, हा धागा बाबाले दाखवू नका.

खरादी_मोर्शी
बाबा मागे खुर्चीवर बसून वाचायला लावत आहेत मोठ्याने. म्हणतात, "कानशीच्या पटाशीनं चाळीस वर्षं काढली, एक डोळा गेला का माझा?"

यंत्रवेडा
काकांना नमस्कार. दोन्ही डोळे शाबूत आहेत हे त्यांच्या हाताचं कौतुक. तरी चष्मा घाला म्हणावं.

रेवती_जोग
तारेबद्दल. उत्तर प्रदेशात मैनपुरीला तारकशी चालते, शिसमच्या लाकडात पितळेची तार. मी तिथे कारागिरांकडे बसून पाहिलं आहे. ते गोल तार वापरत नाहीत. पितळेचा पातळ पत्रा अरुंद पट्टीत कापतात, लाकडात नक्षीची रेष कोरतात आणि ती पट्टी उभी ठोकतात. लाकूडच तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. महत्त्वाचं म्हणजे एकही रेष लांबलचक नसते. वेली, पानं, ठिपके, सगळे छोटे छोटे तुकडे, तुकड्यातुकड्यात लाकूड मोकळं. पूर्वी खडावांवर हे काम असायचं, पायात घालायची वस्तू, रोज घाम आणि पाणी, तरी टिकायचं.

तुम्हीही अखंड कडी सोडा. काठाखाली लहान पट्ट्यांची माळ करा, दोन पट्ट्यांत बोटभर जागा.

यंत्रवेडा
हे पटतं. २ मि.मी.ची हालचाल वीस फटींत वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. लांब रेषांच्या बाजूला फटी थोड्या जास्त ठेवा. आणि सागाला चिकटवण्याआधी खाच थिनरच्या बोळ्याने पुसा, सागाचं तेल चिकटण्याच्या आड येतं.

झाडीपट्टीकर
सगळे अ‍ॅराल्डाइटच्या मागं लागले जी. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं पळसावर, कुसुमावर लाख येते. खरादावर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची, घासून घासून ती गरम होते, वितळते आणि रंग चढते. केवड्याच्या वाळल्या पानानं चोळलं की चमक येते. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी अशीच होतात. पितळेच्या ऐवजी काठाखाली लाल-काळ्या लाखेचे पट्टे मारा. उचलायला काही नाही, टोचायला काही नाही.

परतवाडेकर
लाखेला उन्हाळा सोसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वाडग्यावर वाडगा ठेवला मे महिन्यात, तर एकमेकांना चिकटतील.

झाडीपट्टीकर
एकावर एक ठेवायलाच कोन सांगितलं जी? कागद घाला मधात.

परतवाडेकर
गिऱ्हाईक घालणार आहे का कागद?

अनघा_कोथरूड
मी गिऱ्हाईक आहे. मी घालणार नाही. 😀 पण एक सांगा, पितळ लावलेल्या वाडग्यात खायचं ठेवता येतं का? आमच्या आजीकडे कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकायचं.

रेवती_जोग
बरोबर आहे. तार बाहेरच्या अंगाला ठेवावी, अन्नाला लागूच नये. आतून नुसतं लाकूड. चिवडा, फुटाणे, संत्री ठेवा. कढी नको, लोणचं तर नकोच.

वऱ्हाडी_ठेचा
संत्र्याच्या लाकडाच्या वाडग्यात संत्री. मंजे लेकरू मायच्या कुशीत.

डॉक्टर_खोकला
आतून पॉलिश कसलं लावता?

खरादी_मोर्शी
जवसाचं तेल. घाणीवरचं.

डॉक्टर_खोकला
छान. दुकानात 'उकळलेलं' म्हणून मिळतं ते घेऊ नका, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात, रंगकामासाठी ठीक. घाणीच्या तेलाला पुरं सुकायला आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. पातळ हात द्यायचे, अर्ध्या तासाने कोरडं पुसून काढायचं. राहिलं तर चिकट थर होतो.

आता महत्त्वाचं. पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते. गोळ्यात ती अडकते आणि चिंधी आपोआप पेटते. खाली भुसा, वर पत्रा, बाहेर ४५ अंश... चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

आणि मास्क! शिसवाची, सागाची धूळ कातडीला आणि श्वासाला त्रास देते. पितळ घासताना तर हवाच हवा. उपरणं तोंडाला बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

सावजी_रस्सा
हा माणूस दर धाग्यावर येऊन भीती घालून जातो. पाककृतीच्या धाग्यावर पण.

निवृत्त_वनरक्षक
लाकडाविषयी थोडं. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, जांभूळ वगैरे झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग हवा असेल तर डेपोच्या लिलावातला माल पावतीसह आरागिरणीवर येतो, तो घ्यावा आणि पावती जपावी. आलापल्ली-बल्लारशाचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, तो काय दर्जाचा असतो ते सांगायला नको. पण तुम्हाला वाडग्यांपुरते तुकडे हवेत, त्यासाठी अख्खी फळी घेऊ नका.

भरणकामाला पितळच हवं असं का? तेंदूच्या जुन्या झाडाचा गाभा काळा कुळकुळीत निघतो, तो आबनुसाचाच भाऊबंद. हळदू पिवळा, पूर्वी त्याच्या फण्या व्हायच्या. काळा कुडा हस्तिदंतासारखा पांढरा. पावतीचं लाकूड मिळालं तर पिवळ्यात काळ्या टिकल्या फार देखण्या दिसतात.

कातकाम_हौशी
टिकल्या बसवायच्या तर टिकलीची रेषा आणि वाडग्याची रेषा एका दिशेला ठेवा, म्हणजे दोघं बरोबर हलतील. टोकाच्या रेषेची खुंटी ठोकली तर ती गोल राहणार आणि भोवतालचं भोक लंबगोल होणार. पुन्हा तीच गोष्ट.

हिशेबी_अमरावती
सगळं झालं, पैशाचं कुणी बोलेना. एका वाडग्याला किती तास, खरादीभाऊ? आणि विकता कितीला?

खरादी_मोर्शी
साधा असेल तर वाळवण्याचा काळ सोडून अर्धा दिवस. तार असेल तर पूर्ण दिवस, नक्षी असेल तर दीड. साधा चारशेला मागतात, तारेचा नऊशे-हजारला जातो.

हिशेबी_अमरावती
म्हणजे तार लावा नाहीतर लावू नका, दिवसाची मजुरी जवळपास तीच. त्यात एप्रिलमध्ये दुरुस्ती फुकट करून द्यायची. बाबा सांगतात त्यात तथ्य आहे. साध्याचा भाव वाढवा आधी.

रेवती_जोग
हिशेबी, साध्याचा भाव वाढवतो म्हटल्याने वाढत नाही. तारेचा वाडगा दुकानाच्या फळीवर नजर थांबवतो, त्याच्या शेजारचा साधा मग विकला जातो. दोन्ही लागतात. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात विचारा, १९३८ पासून ग्रामोद्योगाचं काम आहे, विक्री केंद्रही आहे. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा हस्तकला मेळा भरतो, तिथे हातात घेऊन पाहणारी माणसं येतात. मोबाइलवरच्या फोटोत वाडग्याचं वजन कळत नाही.

हिशेबी_अमरावती
मेळ्यात येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च धरला का ताई? असो. पीएम विश्वकर्मा ही सरकारी योजना पाहा. सप्टेंबर २०२३ पासून आहे, १८ व्यवसाय, त्यात सुतार आहे. अवजारांना १५,००० रुपये, कर्ज आधी १ लाखापर्यंत, ते फेडलं की पुढे २ लाखांपर्यंत, व्याज ५ टक्के. चक आणि पुलीचा खर्च त्यातून निघेल.

वऱ्हाडी_ठेचा
खरादी मंजे सुतार का? हे त्या कम्प्युटरवाल्या पोराले कोन समजावंन?

हिशेबी_अमरावती
फॉर्मवर सुतार लिहा, खराद घरात ठेवा. लाकूड दोघंही कापतात.

अकोलेकर_ॲरिझोना
उशिरा आलो. इथे वाळवंटात मेस्किट नावाचं काटेरी झाड आहे, खरादकाम करणाऱ्यांचं लाडकं. त्याच्या लाकडाला वाळताना चिरा पडतात, किडीची भोकं असतात. इथले लोक त्या चिरा लपवत नाहीत. त्यात फिरोज्याची पूड भरतात, निळी-हिरवी. लालसर लाकडात ओढ्यासारखी वाहत जाणारी निळी रेघ. पट्टा नाही, माळ नाही, चीर जाते तशी रेघ जाते.

करायची पद्धत: चीर टोकदार सळईने साफ करायची. कडांना चपडा लाखेचा पातळ हात द्यायचा, नाहीतर गोंद आजूबाजूला पसरून डाग पडतो. आरपार चीर असेल तर मागून टेप. पूड थोडी भरायची, वर पातळ इन्स्टंट गोंद (तुमचं फेविक्विक) सोडायचा, परत पूड, परत गोंद, लाकडापेक्षा किंचित वर येईपर्यंत. मग ८० नंबरच्या कागदापासून ४०० पर्यंत घासायचं. दगड कठीण असेल तर पटाशीची धार जाते, म्हणून तिथे कागदच. फिरोज्याच्या जागी पितळेचा भुगा चालतो, चावीवाल्याच्या मशीनखाली पडलेला असतो. गोंद आणि पुडीची रेघ तारेसारखी ताठ कडी नसते, चिरेपुरतीच असते, म्हणून लाकडाच्या हालचालीला आडवी येत नाही.

आणि मेस्किटची गंमत अशी की ते वाळताना फार कमी आकसतं, आणि दोन्ही दिशांना जवळपास सारखंच.

निवृत्त_वनरक्षक
अकोलेकर, तुमचं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. विलायती बाभूळ म्हणतो ती, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. कुळ एकच.

वऱ्हाडी_ठेचा
काय सांगता! आमच्या नाल्याच्या काठानं नुसती तेच हाय. बकऱ्या शेंगा खातेत न् आमी कोळसा करतो.

परतवाडेकर
जाड खोड मिळणं अवघड. झुडूपच होतं बहुतेक ठिकाणी.

निवृत्त_वनरक्षक
न तोडलेल्या जुन्या झाडाला चांगला घेर येतो. गावतलावाच्या बांधावर, रेल्वेलगत पाहा. जमीन ज्याची त्याला विचारूनच, हे सांगायला नको.

डॉक्टर_खोकला
फेविक्विकचा धूर डोळ्यांना आणि घशाला...

सावजी_रस्सा
आले!

खरादी_मोर्शी
मंडळी, सगळं उतरवून घेतलं आहे. दिवाळीनंतर कातायला घेईन, मे बघून मग लिहीन.

खरादी_मोर्शी
धागा वर काढतोय. मे झाला, मृग लागला.

अखंड तार काही वाडग्यांवर मुद्दाम ठेवली होती. वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेलं लाकूड होतं, तरी लांब रेषांच्या बाजूला उचललीच, फक्त कमी. पट्ट्यांची माळ टिकली. सागावर एकही पट्टी हलली नाही, संत्र्यावर एकदोन सैल झाल्या, त्या थिनर न लावता बसवलेल्या बॅचमधल्या. लाखेचे पट्टे छान दिसतात, पण शेडमध्ये कागदाला चिकटले. परतवाडेकर आणि झाडीपट्टीकर, दोघांनी आपापसात मिटवा.

वेडी बाभूळ कातायला कडक, पटाशी सारखी दगडावर न्यावी लागते, पण रंग लालसर तपकिरी आणि वळण फार कमी. संत्र्याला चिरा पडायच्या म्हणून निम्मा माल चुलीत जायचा. आता त्याच चिरांत पितळेचा भुगा भरतो. चावीवाला भुगा फुकट देतो, वर विचारतो की सोनं काढता का यातून.

बाबांनी भुगा भरलेला संत्र्याचा वाडगा बराच वेळ फिरवून पाहिला. तारेला ते अजूनही नाहीच म्हणतात. याला म्हणाले, "चीर होती, बुजवली. हे काम आहे." आई म्हणाली, किती वर्षांनी त्यांनी पोराच्या कामाला नाव ठेवलं नाही.

हिशेबी_अमरावती
भाव?

खरादी_मोर्शी
चिरेचा वाडगा पंधराशेला गेला. वेळ तारेपेक्षा कमी लागतो, कारण खाच लाकडानेच पाडून ठेवलेली असते.

हिशेबी_अमरावती
मग तार बंद करा.

रेवती_जोग
बंद का? पट्ट्यांची माळ सागावर टिकली म्हणतायत ना ते. सागाला माळ, संत्र्याला भुगा.

यंत्रवेडा
सैल झालेल्या पट्ट्या काढून, थिनरने पुसून परत बसवा आणि पुढच्या मेपर्यंत शेडमध्येच ठेवा, विकू नका. आणि अखंड तारेचे जे वाडगे आहेत त्यांची तार लांब रेषांच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी करवतीच्या पात्याने कापून टाका, निदान टोचणार नाहीत.

खरादी_मोर्शी
बाभळीला पाऊस संपल्यावर जातो. रेल्वेलगतचं नको म्हणतो, गावतलावाच्या बांधावर एक जुनं झाड वादळात पडलं आहे, ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे.

निवृत्त_वनरक्षक
अर्जाची पोच घ्या. आणि खोड उचलाल तेव्हा बुंध्यालगतचा, मुळांपाशी फुगलेला भाग सोडून येऊ नका. लोक तो निरुपयोगी म्हणून टाकतात. वाडग्याला सगळ्यात चांगली नक्षी तिथेच निघते.